धरणाखालचं पुणं

पुणेकराला आपल्या शहराच्या ज्या थोड्या गोष्टींचा आजही निर्भेळ अभिमान आहे, त्यांत इथल्या नळाचं पाणी वरच्या क्रमांकावर आहे. बाहेरगावच्या पाहुण्याला तो आग्रहानं पेला भरून देतो आणि ‘आमच्याकडे फिल्टर लागत नाही’ असं ऐकवतो. या अभिमानात तथ्य आहे, पण त्याचं श्रेय चुकीच्या खात्यावर जमा होतं. टेमघर, वरसगाव, पानशेत आणि खडकवासला या धरणांत साठणारं पाणी सह्याद्रीच्या माथ्यावरच्या पावसाचं आहे. खडकवासल्याचं धरण १८७९ मधलं. कारखाने आले ते त्यानंतर तीन पिढ्यांनी, आणि आले ते बहुतेक खालच्या अंगाला. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं, मग भोसरी, चिंचवड, आकुर्डी आणि पुढे चाकण, रांजणगाव, कुरकुंभ. पाणी वर राहिलं, कारखाने खाली राहिले. ही मांडणी कोणी विचारपूर्वक केलेली नव्हती. तो भूगोलाचा योग होता.

माझं म्हणणं असं की जुन्या पुण्याच्या नळाला येणारं निर्धोक पाणी ही शहराची कमाई नाही. ज्यांना हा योग लाभला नाही त्यांच्या पाण्यात शिसं, क्रोमियम, कॅडमियम, निकेल यांचं काय चाललं आहे, हे पाहण्याची यंत्रणा आपण उभीच केली नाही. आणि शहर ज्या वेगानं धरणाच्या छायेबाहेर पसरलं आहे ते पाहता, योग न लाभलेल्यांची संख्या आता थोडीथोडकी उरलेली नाही.

दूषित पाणी म्हटलं की आपल्याला जुलाब, कावीळ आठवते. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्यालगतच्या नांदेड, किरकटवाडी भागात गिलियन-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकामागून एक सापडू लागले. शहर परिसरातली रुग्णसंख्या दोनशेच्या वर गेली. ही गावं २०२१ मध्ये महापालिकेत आलेली. खडकवासल्याचं धरण हाकेच्या अंतरावर, आणि तरी गावाला पाणी मिळत होतं ते विहिरीचं, फक्त क्लोरीन टाकून. पण रोग दिसल्याबरोबर यंत्रणा हलली. नमुने गेले, क्लोरीन वाढलं, टँकरची आणि खासगी आरओ प्रकल्पांची तपासणी झाली. जंतूंचा एक गुण मानावा लागेल: ते काही दिवसांत हिशेब मागतात, त्यामुळे प्रशासनाला कानाडोळा करता येत नाही.

धातू असा तगादा लावत नाहीत. शिशानं लहान मुलाच्या मेंदूची वाढ खुंटते, पण त्याची नोंद कोणत्या दवाखान्यात होणार? शाळेत मुलाला ‘लक्ष देत नाही’ असा शेरा मिळतो, एवढंच. कॅडमियम मूत्रपिंडात दहा-वीस वर्षं ठाण मांडून बसतं. हेक्झाव्हॅलंट क्रोमियमनं होणारा कर्करोग ज्याला होतो, त्याला तो कोणत्या पाण्यामुळे झाला हे कधीच कळत नाही. या पाण्याला वास नसतो, चव बदलत नाही, रंगही फार उशिरा येतो. उकळून ते शुद्ध होत नाही. पाणी आटतं, धातू उरतो, म्हणजे प्रमाण वाढतंच. क्लोरीनचा त्यावर इलाज नाही आणि माठात तुरटी फिरवूनही भागत नाही. घरगुती शहाणपणाची सगळी हत्यारं इथे बोथट ठरतात. त्यामुळे या प्रश्नात नागरिकाचं जागरूक असणं पुरेसं पडत नाही. इथे मोजणाराच लागतो.

हे धातू येतात कुठून, ते जवळून पाहायला हवं. भोसरी, तळवडे, चाकण भागात एखाद्या पत्र्याच्या शेडमध्ये प्लेटिंगचं काम चालतं. मोठ्या वाहन कंपनीला लागणारे नट-बोल्ट, क्लिपा, ब्रॅकेट इथे जॉबवर येतात. दर बहुधा किलोवर ठरतो. माल आधी तेल काढायच्या टाकीत जातो, मग ॲसिडमध्ये, मग झिंकच्या टाकीत आणि शेवटी गंज लागू नये म्हणून पॅसिव्हेशनच्या टाकीत. बोल्टावर दिसणारी ती पिवळी, किंचित इंद्रधनुषी झाक क्रोमियमच्या क्षारांची असते. प्रत्येक टाकीनंतर माल पाण्यातून खळबळून काढायचा. या धुण्याच्या पाण्यात धातू उतरतो. ते पाणी साफ करता येतं आणि त्याची रीत अवघड नाही. ॲसिड घालून सामू दोन-अडीचवर आणायचा, सोडियम मेटाबायसल्फाइट टाकायचं, पिवळं पाणी हिरवट होईपर्यंत ढवळायचं, मग चुना घालून सामू वर न्यायचा. हिरवा गाळ तळाशी बसतो. तो वाळवून रांजणगावच्या घातक कचरा प्रकल्पाकडे पैसे भरून पाठवायचा. रसायन, चुना, वीज, माणूस, वाहतूक, प्रकल्पाचं शुल्क हा सगळा खर्च किलोच्या दरातून निघाला पाहिजे. तो निघत नसेल तर शेडच्या मागे ओढा आहेच, आणि पावसाळ्याची रात्रही आहे.

प्रश्न फक्त चोरून सोडणाऱ्यांचा असता तर पोलिसी बंदोबस्तानं सुटला असता. पण जो कायदा पाळतो त्याचंही गणित मांडून पाहा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, एकूण क्रोमियमची मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे, शिशाची ०.०१. पर्यावरण संरक्षण नियमांनुसार कारखान्याला नदीत सोडायच्या पाण्यात क्रोमियम २ मिलिग्रॅमपर्यंत चालतं, शिसं ०.१ पर्यंत. एक चाळीसपट, दुसरं दहापट. सार्वजनिक गटारात सोडायचं तर शिशाला १ मिलिग्रॅमची मुभा, म्हणजे शंभरपट. आता समजा, एक छोटा कारखाना रोज दहा हजार लिटर पाणी नियमाच्या काठोकाठ साफ करून सोडतो. दिवसाला २० ग्रॅम क्रोमियम. वर्षाचे तीनशे दिवस धरले तर सहा किलो. बारा कोटी लिटर पाणी पिण्याच्या मर्यादेपर्यंत आणायला तेवढं पुरतं. आणि हा कारखाना गुन्हेगार नाही. त्याच्या फाइलवर सगळे शिक्के बरोबर आहेत. असे किती कारखाने एकाच ओढ्याला लागून असावेत, याला मर्यादा नाही. आपला नियम दर लिटरमागे किती हे विचारतो, एकूण किती हे विचारत नाही.

या नियमामागे एक गृहीत आहे: नदीत भरपूर वाहतं पाणी असेल आणि ते सगळं विरळ करून टाकेल. पवना, मुळा, मुठा, इंद्रायणी या नद्यांना पावसाळा सोडला तर स्वतःचं म्हणावं असं पाणी उरलेलं नाही. वर धरणांनी अडवलेलं, खाली वाहतं ते आपलंच सांडपाणी. सांडपाण्यात सांडपाणी मिसळून काय विरळ होणार? धातू गाळात बसतात, जलपर्णीच्या मुळांत शिरतात, पुरात उचलले जाऊन पुढे सरकतात. नाहीसे मात्र होत नाहीत, कारण जंतू मरतात तसं मूलद्रव्य मरत नाही.

‘मैलापाणी शुद्धीकरण केंद्रं वाढवतोय ना’ असं यावर उत्तर मिळतं. जपानच्या जायकाच्या कर्जावर पुण्यात रोज ३९ कोटी ६० लाख लिटर क्षमतेची ११ केंद्रं उभारण्याचा प्रकल्प २०१६ पासून चालू आहे आणि तो व्हायलाच हवा. पण ही केंद्रं जिवाणूंच्या भरवशावर चालतात. जिवाणू मैला खातात, क्रोमियम खात नाहीत. धातूचा मोठा हिस्सा केंद्राच्या गाळात जातो, आणि गाळ खत म्हणून शेतात जाण्याची वाट मोकळी असते. उरलेला पाण्याबरोबर पुढे. मुंढव्याच्या जॅकवेलमधून उचललेलं नदीचं पाणी जुन्या मुठा कालव्यातून, लोक ज्याला बेबी कालवा म्हणतात त्यातून, हवेली-दौंडच्या शेतांना दिलं जातं. शेतातली मेथी-पालक पहाटे कुठे येते? मार्केट यार्डात. बाकी पाणी भीमेतून उजनीत जातं. ११७ टीएमसीचं ते धरण सोलापूर शहराला पाणी पाजतं. पुण्याच्या खाली राहणाऱ्यांनी पुण्याच्या भूगोलाचं भाडं भरायचं, असा हा अलिखित करार आहे.

या सगळ्यावर आपली नजर का पडत नाही? कारण मोजपट्टीच दुसऱ्या कामाची आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ देशातल्या प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी काढतं. २०१८ च्या यादीत देशातले ३५१ पट्टे होते, त्यांतले ५३ महाराष्ट्रातले, म्हणजे सर्वाधिक. बातम्या झाल्या, बैठका झाल्या. पण ही यादी ज्या एका निकषावर बेतली होती तो बीओडी, म्हणजे सेंद्रिय घाण कुजताना लागणारा प्राणवायू. धातू कुजत नाहीत. एखाद्या नदीचा बीओडी उद्या उत्तम झाला, तिच्यावर घाट बांधले, बोटी सोडल्या, तरी तिच्या गाळात काय आहे हे या आकड्यातून कळणार नाही. आळंदीत इंद्रायणी फेसाळली की दूरचित्रवाणीचे कॅमेरे धावतात, कारण फेस दिसतो. जे दिसतं त्याचाच कारभार करायचा, ही आपली रीत.

नदीचं झालं, आता जमिनीखाली काय चाललंय पाहू. पुणे काळ्या पाषाणावर वसलं आहे. बेसाल्टमध्ये पाणी वाळूतल्यासारखं सावकाश गाळून मुरत नाही. ते भेगांतून, सांध्यांतून, खडकांच्या थरांमधून वाट काढतं. त्यामुळे एका ठिकाणी ओतलेलं रसायन शेजारच्या बोअरला लागेल की फर्लांगभर पलीकडच्या, हे नकाशाशिवाय सांगता येत नाही. याची किंमत फुरसुंगी आणि उरुळी देवाचीनं मोजली आहे. पुण्याचा कचरा तिथल्या डेपोत दशकानुदशकं ओतला गेला. बॅटऱ्या, ट्यूबलाइट, रंगांचे डबे, मोडकी यंत्रं, सगळं ओल्या कचऱ्यात मिसळून. त्यातून झिरपणाऱ्या काळ्या पाण्यानं गावच्या विहिरी निकामी झाल्या, लोकांनी वारंवार गाड्या अडवल्या, टँकरवर दिवस काढले. विहिरीतला शेंदून प्यायचा घोट गेला तो शहरात राहणाऱ्यांच्या सोयीसाठी. या गावांना २०१७ मध्ये महापालिकेत घेतलं आणि पुढे पुन्हा बाहेर काढलं. कचरा आत, माणसं बाहेर, असा त्याचा अर्थ गावकऱ्यांनी लावला तर त्यांना दोष देता येणार नाही.

आज वाघोली, उंड्री, हिंजवडीच्या कडेच्या मोठमोठ्या सोसायट्या बोअर आणि टँकरवर जगतात. टँकर कुठल्या विहिरीवर भरला, त्या विहिरीच्या वरच्या अंगाला काय आहे, हे टँकरवाल्याला कोणी विचारत नाही. आणि नळाचं पाणीही आता सगळीकडे जुन्या योगाचं राहिलेलं नाही. पिंपरी-चिंचवड पवनेचं पाणी रावेतच्या बंधाऱ्यावर उचलतं, धरणापासून नदीपात्रातून एवढं वाहत आल्यावर. पाणी थेट धरणातून आणण्याच्या बंद जलवाहिनीच्या वादात ९ ऑगस्ट २०११ ला मावळात गोळीबार झाला, तीन शेतकरी गेले. शेतकऱ्यांची भीती पाणी पळवलं जाण्याची होती. पण दोन्ही बाजूंच्या भांडणात पाण्याच्या प्रतीचा प्रश्न मागेच पडला. त्याच शहरानं पुढे आंद्रा धरणाचं पाणी इंद्रायणीवरच्या निघोजे बंधाऱ्यातून उचलून चिखलीत शुद्ध करायला घेतलं. निघोजे हे चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातलं गाव. कारखाने खाली आणि पाणी वर, हा क्रम तिथे मोडला आहे.

यावर तीन आक्षेप येतात आणि तिन्ही विचारात घेण्याजोगे आहेत. पहिला, बेसाल्टमध्ये क्रोमियम, निकेल निसर्गतःच असतं, मग कारखान्यांना का धरायचं? मान्य, असतं. म्हणूनच मूळचं किती आणि भर किती हे कळायला कारखान्यांपासून लांबच्या विहिरींचे आकडे हवेत. निसर्गाकडे बोट दाखवणं हे जास्त मोजण्याचं कारण आहे, कमी मोजण्याचं नाही. दुसरा, आधी मैलापाणी सोडवा, धातू नंतर. पण दोन्ही एकाच गटारात मिसळल्यावर दोन्ही सोडवणं महाग होतं. मैल्याचं खत होऊ शकतं, धातू मिसळलेल्या मैल्याचं होऊ शकत नाही. वेगळं करायचं ते उगमापाशीच.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: लहान उद्योजकाचं काय? नियम कडक केले तर शेडवाला मरेल, मोठी कंपनी दुसरीकडून माल घेईल. हे खरं आहे, आणि म्हणूनच खर्चाचं बोट शेडवाल्यापाशी थांबू नये. घातक टाक्या आपल्या आवाराबाहेर ठेवून स्वच्छ बोल्ट आत घेणारी मोठी कंपनी या व्यवहारातून अलगद सुटते. मात्र तिच्या हातात किती ताकद आहे याचा दाखला याच धंद्यात आहे. युरोपीय संघानं २००० च्या निर्देशानुसार गाड्यांत शिसं, पारा, कॅडमियम आणि हेक्झाव्हॅलंट क्रोमियम यांवर, काही सवलती ठेवून, बंदी आणली. मग निर्यातीच्या कामात ग्राहकानंच कमी घातक अशा ट्रायव्हॅलंट क्रोमियमचं पॅसिव्हेशन मागायला सुरुवात केली, आणि टाक्यांतली रसायनं बदलली. युरोपातल्या ग्राहकाच्या गाडीसाठी जे करता येतं, ते शेडमागच्या ओढ्यासाठी का करता येऊ नये?

मध्यमवर्गानं यावर आपला तोडगा शोधला आहे: आरओ. सोसायटीच्या सभेत विक्रेता येतो, नळाच्या पाण्यात दोन विजेच्या दांड्या बुडवतो, पाणी तपकिरी, गढूळ होतं आणि सभा हादरते. तो गाळ पाण्यातला नसतो, दांडीचं लोखंड विरघळून आलेला असतो. आरओच्या पाण्यात क्षार नसल्यानं वीज वाहत नाही, म्हणून ते स्वच्छ दिसतं. मग तो टीडीएस मीटर लावतो. टीडीएस लिटरला शेकड्यांनी मिलिग्रॅम मोजतो. शिशाची मर्यादा एका मिलिग्रॅमचा शंभरावा भाग आहे. तो आकडा या मीटरवर दिसणं शक्यच नाही. म्हणजे खडकवासल्याचं मृदू पाणी पिणारा घाबरून यंत्र घेतो आणि टीडीएस ‘चांगला’ आलेल्या बोअरचं पाणी पिणारा निर्धास्त राहतो. आरओ धातू बऱ्यापैकी अडवतो हे खरं, पण अडवलेलं सगळं वाया जाणाऱ्या पाण्यातून पुन्हा गटारात जातं, आणि ज्याच्याकडे यंत्राचे पैसे नाहीत त्याच्या वाट्याला येतं. ज्यांचा आवाज सत्तेपर्यंत पोचतो त्यांनी यंत्र विकत घेऊन प्रश्नातून अंग काढलं, हा आरओचा सर्वांत मोठा तोटा.

शिशाचा धडा उलटा आहे. २००० मध्ये देशभर पेट्रोलमधलं शिसं बंद झालं. कोणी प्रत्येक नागरिकाला नाकाला गाळणी लावायला सांगितलं नाही. २०२१ मध्ये पीव्हीसी पाइपांतल्या शिशाच्या स्थिरकांवर नियम आले, तेही उगमापाशी. धातूंविरुद्ध जिथे जिथे यश आलं ते उगमापाशीच आलं.

मग करायचं काय? आधी आकडे उघडे करावेत. अमेरिकेत १९९६ च्या कायदादुरुस्तीनं पाणीपुरवठादाराला दरवर्षी ग्राहकाला पाण्याचा अहवाल देणं बंधनकारक केलं. एवढं असूनही फ्लिंट शहरात २०१४ नंतर नळातून शिसं आलंच, कारण ते शिसं शुद्धीकरण केंद्रातून निघालेलं नव्हतं, जुन्या नळांतून आणि त्यांना खाणाऱ्या पाण्यामुळे आलेलं होतं. म्हणून नमुना घराच्या नळाचा हवा, विहिरीचा हवा, टँकरचा हवा, आणि धातूंचे आकडे प्रभागवार पाणीपट्टीच्या बिलाबरोबर छापून यावेत. शिवाय कारखान्यांच्या संमतिपत्रात लिटरमागच्या मर्यादेबरोबर ओढ्यामागची एकूण मर्यादाही घालावी, आणि लहान प्लेटिंगवाल्यांसाठी सामायिक शुद्धीकरण उभारताना त्याचा खर्च माल घेणाऱ्या कंपन्यांच्या खरेदीदरात धरावा. टँकर भरणाऱ्या प्रत्येक विहिरीची नोंद आणि वर्षातून दोनदा धातूंची तपासणी, त्याशिवाय परवाना नाही.

याहून महत्त्वाचा आहे आत शिरून पाहण्याचा अधिकार. जपानमध्ये जिंझू नदीकाठच्या गावांत कामिओका खाणीतलं कॅडमियम पाण्यातून भातात गेलं आणि माणसांची, विशेषतः वयस्क बायकांची हाडं काडीसारखी मोडू लागली. सरकारनं ते मान्य करायला १९६८ उजाडलं. १९७२ मध्ये खटला जिंकल्यावर रहिवाशांनी भरपाईच्या जोडीला एक करार मिळवला: तज्ज्ञ बरोबर घेऊन दरवर्षी खाणीत जाऊन तपासणी करायची, खर्च कंपनीचा. पैसे संपतात, हा हक्क पिढ्यान्‌पिढ्या चालतो. चिखलीच्या, फुरसुंगीच्या, आळंदीच्या नागरिकांना असा हक्क देण्यात कायद्याची नाही, इच्छेची अडचण आहे.

आज पाणी वाईट आहे हे सिद्ध करण्याचा भार पिणाऱ्यावर आहे. त्यानं नमुना न्यायचा, शुल्क भरायचं, अहवालासाठी खेटे घालायचे आणि शेवटी ‘एका नमुन्यावरून निष्कर्ष काढू नका’ हे ऐकायचं. हा भार उलटा करायला हवा: जो पाणी देतो त्यानं ते चांगलं आहे हे दाखवावं, जो पाणी सोडतो त्यानं त्यात काय नाही ते दाखवावं. दरवर्षी कालवा सल्लागार समितीत टीएमसीच्या वाटपावरून शहर आणि शेती हातघाईवर येतात. त्या टेबलावर धातूंच्या आकड्यांचा एक कागद ठेवण्याची मागणी अजून एकाही पक्षानं लावून धरलेली नाही. पुण्याला पाणी किती हवं यावर आपण शंभर वर्षं भांडलो. ते कसं हवं, आणि खालच्याला कसं द्यायचं, हे भांडण आता सुरू करायला हवं.